समुद्राच्या तळाचा नकाशा कोण काढणार?

डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे जगातील जवळजवळ सर्व देशांनी जैवविविधतेचा एक करार मान्य केला. नासधूस झालेल्या जमिनी, नद्या आणि समुद्र यांच्या किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत पुनरुज्जीवनाचे परिणामकारक काम सुरू असेल, असे वचन त्यात आहे. भारतही या करारात सामील आहे. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये युरोपीय संघाचा निसर्ग पुनरुज्जीवन कायदा अमलात आला. सागरी गवताची कुरणे, कालवांचे थर, समुद्रशेवाळाची वने, स्पंज आणि प्रवाळ यांची नोंद त्या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आहे. प्रत्येक सदस्य देशाने आपल्या योजनेचा मसुदा देण्यासाठी सप्टेंबर २०२६ ची मुदत ठेवली गेली.

वचन दिले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. हे काम करायचे कुठे? त्यासाठी समुद्रतळाचा नकाशा लागतो. पूर्वी काय होते, आज काय उरले आहे आणि पुन्हा काय उभे राहू शकेल, हे सांगणारा नकाशा. असे नकाशे इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत तयार होत आहेत, आपल्याकडेही होणार आहेत. आणि नकाशाचा प्रश्न आला की सत्तेचा प्रश्न येतो, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

चळवळीच्या दैनिकात समुद्रतळाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी राज्यघटना उघडून पाहावी. अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक सागरी हद्दीतील समुद्राखालची जमीन, खनिजे आणि इतर मूल्यवान वस्तू संघराज्याच्या ठायी निहित आहेत. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांची विभागणी सर्वांच्या हिताला पोषक अशी व्हावी, असे अनुच्छेद ३९(ब) सांगतो. म्हणजे समुद्राचा तळ कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही, तशी ती खात्यातील साहेबांची खासगी मालमत्ताही नाही. ती जनतेची संपत्ती आहे. या संपत्तीवर रेषा ओढताना ज्यांचे पोट तिच्यावर आहे त्यांना विचारले जाते की नाही, हा शुद्ध लोकशाहीचा प्रश्न आहे.

आधी नकाशा कसा बनतो ते पाहू. तळाची खोली किती, तेथवर उजेड पोहोचतो का, तळ वाळूचा, चिखलाचा की खडकाचा, लाटांचा मारा किती, पाणी किती खारट, उन्हाळ्यात किती तापते, अशी माहिती एकावर एक ठेवतात. सागरी गवताला उजेड हवा, म्हणून गढूळ पाण्यात ते जगत नाही. कालवांच्या पिल्लांना चिकटायला टणक शिंपले लागतात, चिखलात ती गुदमरतात. त्यावर आजच्या त्रासाचा थर चढवायचा. ट्रॉलर कुठे फिरतात, गाळ कुठे उपसला जातो, सांडपाणी कुठे सुटते, नांगर कुठे पडतात. या सगळ्यातून जी जागा सुटते, ती लागवडीस योग्य म्हणून रंगवायची.

पण एक थर यंत्राने मिळत नाही. पूर्वी तेथे काय होते, हे कोण सांगणार? येथे एक जुना दाखला बोलका आहे. इंग्लंडमधील ग्रिम्सबी या मासेमारी बंदरातील ओले ऑल्सेन यांनी १८८३ मध्ये उत्तर समुद्राचा मत्स्य-नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. मच्छिमारांकडून मिळालेल्या माहितीवर तो बेतलेला होता आणि त्यात समुद्राच्या मधोमध कालवांचे प्रचंड पट्टे दाखवलेले होते. ते पट्टे पुढे ओरबाडून संपले. नंतरच्या पिढ्यांना वाटू लागले की उत्तर समुद्राचा तळ मुळातच वाळूचा आणि चिखलाचा आहे. २०२४ मध्ये संशोधकांनी अशा जुन्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा युरोपात एके काळी किमान १७ लाख हेक्टरवर कालवांचे थर होते असे दिसले. आज जर्मनीच्या बोर्कुम रिफग्राउंडवर कालवे पुन्हा सोडली जात आहेत. ती कुठे सोडावीत हे ठरवताना दीडशे वर्षांपूर्वीच्या खलाशांची आठवण उपयोगी पडते आहे. ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारले जाते, त्यांचे ज्ञान शास्त्राचा पाया ठरू शकते, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आता नकाशाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीकडे वळू. नकाशात जागा योग्य दिसली, रोपे लावली, छायाचित्रे काढली, अहवाल छापला आणि दोन वर्षांत सगळे मेले, असे जगभर घडले आहे. सागरी गवताच्या लागवडीच्या १,७८६ प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोपे जगण्याचे प्रमाण ३७ टक्के निघाले. जेथे गवत मुळात ज्या कारणाने मेले ते कारण आधी दूर केले नव्हते, तेथे लागवड वाया गेली. उलट अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांत १९३० च्या दशकात रोगाने आणि वादळाने गवत नाहीसे झाले होते. पाणी मात्र स्वच्छ राहिले होते. तेथे १९९९ नंतर सात कोटींहून अधिक बिया सुमारे २१३ हेक्टरवर पेरल्या गेल्या आणि गवत स्वतःच्या बळावर ३,६०० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले. एकीकडे फक्त बी नव्हते, दुसरीकडे जगण्याची परिस्थितीच नव्हती. हा फरक न सांगणारा नकाशा कितीही रंगीत असला तरी खोटा.

इंग्लंडच्या लाइम बे या उपसागरात २००८ मध्ये सुमारे २०६ चौरस किलोमीटर क्षेत्रात तळ खरवडणारी मासेमारी बंद केली गेली. तेथे एकही रोप लावावे लागले नाही. ओरबाडणे थांबले आणि तळ हळूहळू आपोआप भरू लागला. विशेष म्हणजे पिंजरे आणि स्थिर जाळी वापरणाऱ्या छोट्या मच्छिमारांना तेथून हाकलले नाही. ते आजही तेथे मासे धरतात. मोठ्या यंत्राला बंदी आणि छोट्या हाताला जागा, असा हा न्याय आहे.

आपल्या देशात काय झाले? तामिळनाडूतील मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी हे भारतातील प्रवाळ आणि सागरी गवताचे महत्त्वाचे ठेवे आहेत. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षे प्रवाळ खणून काढले गेले. त्या खाणीमुळे २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. १९८६ मध्ये तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. नकाशावर रेषा आली, पण त्या रेषेचा फटका सर्वांत आधी बसला तो बेटांभोवती पाण्यात बुडी मारून शेवाळ गोळा करणाऱ्या मच्छिमार बायकांना. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात त्या उतरत होत्या, तेथे त्या गुन्हेगार ठरू लागल्या. त्याच बायकांनी संघटना बांधली, महिन्यातील मोजकेच दिवस शेवाळ काढायचे, धातूची हत्यारे वापरायची नाहीत, असे नियम स्वतःवर घालून घेतले. त्यांच्यातील चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जगाने ज्यांना समुद्राच्या राखणदार म्हटले, त्यांना आपली व्यवस्था चोर म्हणत होती!

पाल्कच्या सामुद्रधुनीत वेगळी गोष्ट घडली. तेथे ट्रॉलर आणले कोणी? निर्यातीच्या कोळंबीसाठी सरकारनेच कर्ज आणि अनुदान देऊन आणले. वजनदार जाळे तळावरून फरफटत नेणारे हे यंत्र गवत मुळासकट उपटते. आपल्या बाजूचा तळ खरवडून झाल्यावर ट्रॉलर श्रीलंकेच्या हद्दीत जाऊ लागले आणि तेथील गरीब तमिळ मच्छिमारांच्या जाळ्यांवरून फिरू लागले. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी आपल्याकडे दोन हजार ट्रॉलर खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची १,६०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. प्रत्यक्षात त्यातील फार थोड्याच बोटी वळल्या. नवी बोट घेण्याइतके कर्ज फेडणार कोण, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांनी विचारलाच नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथेच ४४८ चौरस किलोमीटरचे समुद्रगायींचे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोरीने गवत बांधून तळावर लावण्याचे काम स्थानिक मच्छिमारांच्या हातांनी तेथे झाले आहे. हे स्वागतार्हच आहे. पण शेजारून ट्रॉलर फिरत राहिला तर त्या बांबूच्या चौकटी किती दिवस टिकतील?

महाराष्ट्राकडे पाहिले तर चित्र अधिकच विदारक दिसते. १९८७ मध्ये मालवणला २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा आपले पोट जाईल या भीतीने मच्छिमार गावांनी विरोध केला. त्यांच्याशी आधी बोलून रेषा ओढली असती तर ही वेळ आली नसती. पुढे सिंधुदुर्गात प्रवाळ लावण्याचे प्रयोगही झाले. पण रापणकरांच्या पोटावर येणाऱ्या पर्ससीन आणि मिनी ट्रॉलरविरुद्धचा त्यांचा लढा संपलेला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघाला, तोही पारंपरिक मच्छिमारांच्या रेट्यामुळे. किनाऱ्यावरचा माणूस विकासाचा शत्रू नाही. तो समुद्राचा पहिला पहारेकरी आहे.

आणि मुंबई? सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरकडे हलवण्यात आल्या. एकेक प्रवाळ मोजले गेले, त्याची परवानगी घेतली गेली. चांगले झाले. पण त्याच प्रकल्पात वरळी कोळीवाड्याच्या बोटी ज्या वाटेने समुद्रात जातात, त्या वाटेवर पुलाच्या दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवले होते. भरतीच्या लाटांत बोटी आपटतील हे कोळी बांधव ओरडून सांगत होते. प्रदीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. अठरा प्रवाळ नकाशावर होते, कोळ्यांची वाट नकाशावर नव्हती!

येथेच खरा धोका आहे. ‘येथे उद्ध्वस्त करू, तेथे लावून देऊ’ ही भाषा आता बंदरे, भराव आणि रस्ते यांच्या प्रत्येक प्रस्तावात ऐकू येते. पुनरुज्जीवनास योग्य जागांचा नकाशा हाती आला की ही भाषा अधिक सोपी होईल. नकाशातील हिरवा ठिपका दाखवून दुसरीकडचा जिवंत तळ बुजवला जाईल. आणि ज्या हिरव्या ठिपक्यावर लागवड होईल, तेथून छोट्या होडीवाल्याला हुसकावले जाईल. दोन्ही टोकांना मार खाणारा माणूस एकच.

जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय, पण हक्क तरी कागदावर आला, ग्रामसभेला स्थान मिळाले. समुद्रावर जगणाऱ्यांसाठी तसा कायदा आजही नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय, तळ संघराज्याचा, अभयारण्य वन खात्याचे, बंदर बंदर खात्याचे. मच्छिमाराचे काय? त्याचे कोणतेच खाते नाही!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. समुद्रतळाचा कोणताही नकाशा अंतिम करण्यापूर्वी तो मराठीत, गावोगावच्या मच्छिमार संस्थांपुढे आणि ग्रामसभांपुढे ठेवला जावा. त्यात मासेमारीच्या पारंपरिक जागा, बोटींच्या वाटा, जाळी सुकवण्याच्या जागा आणि बायकांच्या तिसऱ्या-कालवे वेचण्याच्या जागा प्रवाळाइतक्याच काळजीने नोंदवल्या जाव्यात. जुन्या जाणत्यांच्या आठवणी पुरावा म्हणून लिहून घेतल्या जाव्यात. लागवडीआधी तळ खरवडणे आणि सांडपाणी सोडणे थांबावे. ट्रॉलरवर राबणारा खलाशी मालक नाही, हे लक्षात ठेवून त्याच्या पर्यायी रोजगाराची तरतूद आधी व्हावी. लागवडीचे काम ठेकेदाराला न देता मच्छिमार संस्थांना, त्यातही बायकांना द्यावे. आणि पुनरुज्जीवनाचा नकाशा विध्वंसाचा परवाना म्हणून वापरता येणार नाही, असे नियमात स्पष्ट लिहावे. या सर्वांचा पाया म्हणून समुद्रावर जगणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा संसदेने करावा.

समुद्र पुन्हा भरू शकतो, हे लाइम बे आणि व्हर्जिनियाने दाखवले आहे. त्याला वेळ लागतो आणि प्रामाणिकपणा लागतो. किनाऱ्यावरच्या संघटनांनी नकाशे बनून येण्याची वाट पाहत बसू नये. आपल्या गावचा समुद्र आपण आधी कागदावर उतरवावा. कुठे गवत होते, कुठे कालवे मिळत, ते कोणत्या वर्षी गेले, कशाने गेले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. उद्या साहेब आपला नकाशा घेऊन गावात येईल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आपलाही नकाशा तयार असला पाहिजे.