उंदरांचं अंथरूण

दोन महिन्यांपूर्वी या सदरात मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहिताना आमच्या घरी दोन पांढरे उंदीर पाळलेले आहेत, असं सहज लिहून गेले. अभ्यासाबद्दल कुणी काही विचारलं नाही, उंदरांबद्दल मात्र पुष्कळांनी विचारलं. "मॅडम, घरात वास येत नाही का?" हा पहिला प्रश्न. "मग नमाजचं काय करता?" हा दुसरा. तिसरा एका भगिनीने फोनवर विचारला. तिच्या मुलाचा उंदीर सारखा शिंकतो, नाकाशी लाल लाल दिसतं, आणि वास जावा म्हणून ती पिंजऱ्यात अत्तराचा बोळा ठेवते. आजचा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. ती करते आहे तेच सगळं मी गेल्या पावसाळ्यात केलं होतं.

आमचे उंदीर हौसेने आणलेले नाहीत. पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला नोकरीसाठी परगावी जावं लागलं आणि त्याने ती काचेची पेटी आमच्या ओटीवर आणून ठेवली. आत दोन माद्या होत्या. पूर्ण पांढरी ती बुंदी, आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी दिसणारी ती काजळ. (उंदीर एकटा ठेवू नये, त्याला जोडी लागते. पण नर-मादी एकत्र ठेवलेत तर दोन महिन्यांत घरात शाळा भरेल.) धाकटी हरखली. आमच्या अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. उंदराला हदीसमध्ये उपद्रवी जनावरांत गणलेलं आहे हे त्यांना पाठ. त्याच अम्मांनी तिसऱ्या दिवशी मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस धाकटीला सांगितली आणि म्हणाल्या, "आता आणलेच आहेत, तर त्यांचे हाल करू नका." मसला म्हणून ज्याला विचारायचं असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावं. मी शाळामास्तरीण आहे, त्यात पडत नाही. आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे जनावराचं मूत्र आणि लेंडी नापाकच. म्हणून पेटी ओटीवर, मुसल्ला माजघरात, आणि उंदीर हाताळलेले कपडे वेगळे, एवढं पहिल्या दिवशीच ठरलं.

अंथरुणाचा विचार मात्र कुणीच केला नाही. ह्यांनी वखारीतून लाकडाचा भुसा पोतंभर आणला, फुकट. बारीक, मऊ, सुगंधी भुसा. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असणार?

जुलै लागला. बाहेर पावसाची झड, भिंतींना ओल आणि काचेच्या पेटीत कोंडलेली हवा. आठवड्याभरात असा उग्र वास सुटला की पाहुणे ओटीवर बसेनात. मी आधी पेटीशेजारी अगरबत्ती लावली. मग जुम्याच्या दिवशी लोबान फिरवताना मुद्दाम पेटीपाशी थांबू लागले. शेवटी कापसाच्या बोळ्यावर खस घालून तो आतच ठेवला. वास कमी झाला असं मला वाटलं. खरं म्हणजे माझ्या नाकाला त्याची सवय झाली होती. बुंदी शिंकायला लागली. एका सकाळी धाकटी रडतच आली, "अम्मी, तिच्या नाकातून रक्त येतंय."

जनावरांच्या डॉक्टरांनी ते रक्त नाही असं सांगितलं. उंदरांच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून तांबूस रंगाचा स्राव येतो. उंदीर निरोगी असतो तेव्हा तो चाटूनपुसून साफ करतो. आजारी पडला किंवा घाबरलेला असला की तो डोळ्यांशी, नाकाशी साचलेला दिसतो. मग त्यांनी विचारलं, "खाली काय घालता?" मी भुसा सांगितला. अत्तराचंही सांगितलं, थोडं अभिमानानेच. ते म्हणाले, "मॅडम, घरी जाऊन एकदा तुमचं नाक पेटीच्या तळाशी नेऊन बघा."

मी घरी येऊन ते केलं. डोळ्यांत पाणी आलं.

उंदराच्या मूत्रात युरिया असतो. ओल्या अंथरुणातले जिवाणू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया निघतो. उबदार आणि दमट हवेत हे काम झपाट्याने होतं, म्हणजे कोकणातला जुलै त्याला अगदी सोयीचा. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, आणि त्याचं नाक अंथरुणापासून बोटभर अंतरावर असतं. आपण पाच फुटांवरून "थोडासा वास येतोय" म्हणतो, तेव्हा तो त्या वासातच झोपलेला असतो. त्यात पाळीव उंदरांपैकी बहुतेकांच्या श्वासनलिकेत मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू लहानपणापासून दबा धरून बसलेला असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७६ साली दाखवून दिलं की हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग इतका अमोनिया असला, तरी या जिवाणूचा आजार बळावतो. अत्तराने आणि लोबानने हा अमोनिया तसूभर कमी होत नाही. उलट त्याच नाकात धूर आणि अर्क जातात, तो त्रास वेगळा. म्हणून त्या भगिनीला माझं पहिलं सांगणं: बोळा आज काढ. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर त्या आधी काढ, त्या तर विषारीच. फिनेल पिंजऱ्याच्या आसपासही नको.

आता भुशाचं बघू. भुशाचा पहिला दोष त्याची धूळ. कोरडा बारीक भुसा उंदराने उकरला की ती सरळ छातीत जाते. दुसरा दोष लाकडाच्या जातीचा. सीडर आणि पाइन या वासाच्या लाकडांतले सुगंधी अर्क उंदरांना बाधतात, हे आज कळलेलं नाही. १९६७ साली व्हेसेल या शास्त्रज्ञाने 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं होतं की अशा लाकडाच्या छिलक्यांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतात औषधं पचवणारे घटक वाढतात, आणि झोपेचं औषध दिलेले उंदीर वेळेआधीच जागे होतात. अंथरुणाच्या नुसत्या वासाने यकृताचं काम बदलतं! आपल्याकडे मालाची खोकी बहुधा पाइनची असतात आणि लोक त्यालाच सरसकट 'देवदार' म्हणतात. वखारीच्या पोत्यात ते, सागवान आणि प्लायवूड कापल्याचा डिंकमिश्रित भुसा असं सगळं एकत्र असतं. सागाच्या धुळीने सुतारांनाही शिंका येतात.

तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. ती डॉक्टरांनी सांगितली आणि तिनेच माझी झोप उडाली. वखारीतल्या उघड्या ढिगावर रात्री रानातले आणि गटारातले उंदीर फिरतात. लेप्टो त्यांच्या मूत्रातून पसरतो. २००५ च्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत त्याची केवढी साथ आली होती, हे आपल्याला आठवत असेल. आणि तो भुसा माझी धाकटी उघड्या हातांनी, पायाला चिखल्या झालेल्या असताना, पसरत होती. पाळलेले उंदीर स्वच्छ असतील हो, पण त्यांचं अंथरूण कुठून आलं हे बघायला हवं. त्या दिवसापासून अंथरुणाचं सामान झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात राहतं. साफ करणारा हातमोजे घालतो आणि नंतर साबणाने हात धुतो. हातापायाला जखम असेल त्याला त्या दिवशी सुट्टी.

मग घालायचं काय? परदेशात ॲस्पेन नावाच्या झाडाचे छिलके आणि कागदाच्या गोळ्या वापरतात. कागदाच्या गोळ्या मोठ्या शहरांत किंवा ऑनलाइन मिळतात. मिळाल्या आणि परवडल्या तर डोळे झाकून घ्या, मात्र बिनवासाच्या. मांजरासाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती घेऊ नका. तिची धूळ बारीक असते, आणि उंदराने ती खाल्ली तर पोटातही तिचा गोळा होतो. भाताचं तूस ओल शोषत नाही आणि टोचतं. पेंढा डोळ्यांत जातो, पावसात त्याला बुरशी येते. नारळाचा भुगा आपल्याकडे मुबलक, म्हणून मीही हुरळले होते. पण ओला राहिला की बुरशी, सुकला की धूळ. कापूस मऊ दिसतो, पण त्याचे तंतू पायाच्या बोटांत अडकतात आणि पोटात गेले तर आतडं अडतं.

आमच्या घरी शेवटी कागदच टिकला. साधा, न चकचकणारा कागद. चकचकीत मासिकांचा कागद ओल पितच नाही. (हे मासिकही नको, उगाच मोह होईल!) बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, चुरगाळायच्या, आणि दोन-तीन इंचांचा थर द्यायचा. त्याखाली खोक्याचा पुठ्ठा. चिकटपट्टी आणि पिना आधी काढून. मे महिन्यात आगोटीची बेगमी करताना मी आता कागदाचीही करते. रद्दी पाण्यात भिजवून, लगदा पिळून, बोरांएवढे तुकडे करून कडक उन्हात चार दिवस वाळवते. कुरडयांच्या शेजारीच, पण वेगळ्या चादरीवर. हे तुकडे पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त ओल पितात.

उंदीर बहुधा एक कोपरा ठरवून घेतो, हेही हळूहळू कळलं. त्या कोपऱ्यात कागदाच्या तुकड्यांचं पसरट भांडं आणि त्यात किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत गोटा ठेवला, तर बरंचसं मूत्र त्या गोट्यावरच जातं. का, ते उंदीर जाणे. लेंड्या मात्र चार दिवस उचलून त्या भांड्यात टाकत राहावं लागलं, तेव्हा दोघी शिकल्या. गोटा रोज धुवायचा, ओला कोपरा रोज काढायचा. पूर्ण अंथरूण आठवड्याला, पावसात आठवड्यातून दोनदा. एकदम सगळं चकाचक करू नका. स्वतःचा वास सापडला नाही की ते घाईघाईने सगळीकडे पुन्हा मुतून ठेवतात. म्हणून जुन्यातला मूठभर कोरडा कागद नव्यात मिसळायचा. जाळी आणि भांडी पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी घालून पुसली की मुताचे पांढरे डाग जातात. काढलेलं अंथरूण नारळाच्या आळ्यात पुरा, भाजीच्या वाफ्यात नको.

काचेची पेटी मी भंगारात दिली. कितीही चांगला कागद घातला तरी तिच्यात हवा फिरत नाही. आता चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा आहे, त्याचा तळ मात्र सपाट. जाळीच्या तळावर उंदरांच्या पायांना फोड येतात.

बुंदी औषधाने सावरली, पण पूर्ण बरी झाली नाही. तो जिवाणू एकदा उठला की पुन्हा पुन्हा उठतो. हवा दमट झाली की तिची बारीक घरघर अजूनही ऐकू येते, कबुतर घुमल्यासारखी. उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यातलं जवळजवळ एक मी तिला घरघरीत काढायला लावलं. धाकटीने हे कधी बोलून दाखवलं नाही. पण पिंजऱ्याजवळून अगरबत्ती घेऊन कुणी गेलं की ती उठून मध्ये उभी राहते.

कागद फाडण्याचं काम अम्मांकडे आहे. उंदरांना त्या आजही हात लावत नाहीत. शनिवारी दुपारी चष्मा लावून रद्दी घेऊन बसतात. उर्दूचं पान आलं की वरपासून खालपर्यंत वाचतात. कुठे बिस्मिल्लाह, कुठे आयत, कुठे कुणा अब्दुल्लाचं नाव, ते पान अदबीने वेगळं ठेवतात. अल्लाहचं नाव असलेला कागद उंदराखाली जाता कामा नये. त्यामुळे सगळ्यात जास्त पसंती धाकटीच्या गणिताच्या रफ वह्यांना. गेल्या शनिवारी एक पान उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हिचे भागाकार सगळे चुकलेत गं. हे चालेल."