पेंग्विन, गेम्स आणि 'यस, डू ॲज आय से!'

'लिनक्सवर गेम्स चालतात का रे?' हा प्रश्न मी गेली वीस वर्षं ऐकतोय. आणि तो आला की लिनक्सभक्ताचा चेहरा कसा व्हायचा सांगू? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात 'मुलगा काय करतो?' असं विचारल्यावर 'स्वभावाने फार चांगला आहे हो!' म्हणणाऱ्या मावशींसारखा. व्हायरस लागत नाही, फुकट आहे, हँग होत नाही... सगळं सांगून व्हायचं. पण गेम्स? 'आहे ना, टक्स रेसर!' म्हणजे बर्फावरून पोटावर घसरणारा पेंग्विन आणि वाटेत गोळा करायचे मासे. झाला विषय कट.

आज ते उत्तर बदललंय, मंडळी. आणि थोडंथोडकं नाही. स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातले, निव्वळ विंडोजसाठी बनवलेले हजारो गेम्स आज लिनक्सवर सरळ 'प्ले' दाबून चालतात. 'एल्डन रिंग', 'सायबरपंक २०७७' असले दणदणीत प्रकारसुद्धा! आणि हे सगळं आत्ता का सांगतोय? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, वर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१६ मध्ये पहिल्या पगारातून हप्त्यांवर घेतलेला, अजून टणाटण चालणारा लॅपटॉप कागदोपत्री म्हातारा! नवा ईएमआय की जुन्यातच पेंग्विन, हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. आणि तो अडतो कुठे? ऑफिसच्या कामावर नाही. गेम्सवर.

थोडा फ्लॅशबॅक. 'काउंटर स्ट्राइक' आणि 'एज ऑफ एम्पायर्स'साठी तासावर पैसे मोजत सायबर कॅफेत बसलेली आपली पिढी. लिनक्स आपल्याला भेटलं ते कॉम्प्युटर मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीडीतून, नाहीतर उबुंटूच्या सीडीतून. उबुंटूवाले तर २००५ पासून काही वर्षं सीडी चक्क पोस्टाने फुकट घरी पाठवायचे! लोक ती हौसेने टाकायचे, तपकिरी डेस्कटॉप बघायचे, 'एनएफएस'ची सीडी घालायचे आणि... काहीच व्हायचं नाही. संध्याकाळपर्यंत विंडोज परत.

तिकडे अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने १९९८ पासून लिनक्ससाठी गेम्स आणून विकायचा घाट घातला होता. २००२ च्या सुरुवातीला दुकान बंद! एकेक गेम नव्याने लिनक्ससाठी तयार करायचा आणि तो मूठभर लोकांना विकायचा, हे गणित जमण्यातलं नव्हतंच. मग उरला दुसरा मार्ग. गेम बदलायचा नाही, गेमलाच फसवायचं.

या फसवणुकीचं नाव वाइन. ते १९९३ पासून चालू आहे आणि १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार हा एकच माणूस सांभाळतोय. फंडा असा. विंडोजचा गेम म्हणजे एकच भाषा येणारा पाहुणा. तो सारखा काहीतरी मागतो. 'फाइल उघड', 'आवाज दे', 'माउस कुठे गेला बघ'. सगळं विंडोजच्या भाषेत. वाइन शेजारी बसून प्रत्येक मागणी लिनक्सच्या भाषेत सांगतं आणि उत्तर पुन्हा विंडोजच्या भाषेत पाहुण्याच्या कानात घालतं. पाहुण्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपण दुसऱ्याच घरात जेवतोय! ऐकायला सोपं, पण विंडोजच्या अशा हजारो मागण्या आणि त्यातल्या कित्येकांचं नेमकं वागणं कुठे लिहिलेलंच नाही. बाहेरून बघून बघून ताडायचं. वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! एखाद्या फ्लायओव्हरलाही लाज वाटावी...

पण गेम्सचा खरा जीव चित्रांत. ती काढायला विंडोजवर डायरेक्ट-थ्रीडी वापरतात आणि तिथे वाइन हाफायचं. मग २०१६ मध्ये व्हल्कन आलं. ग्राफिक्स कार्डाशी जवळजवळ थेट बोलणारी, सगळ्यांना खुली अशी पद्धत. आणि फिलिप रेबोले नावाच्या एका जर्मन प्रोग्रामरला लिनक्सवर 'निअर: ऑटोमाटा' खेळायचा होता. चालेना. म्हणून त्याने डायरेक्ट-थ्रीडीचं बोलणं व्हल्कनमध्ये उतरवणारा दुभाषा, डीएक्सव्हीके, स्वतःच लिहायला घेतला. मला ही गोष्ट भयंकर आवडते. कोणाची क्रांतीबिंती नाही, पोराला गेम खेळायचा होता!

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याला पैसे देऊन हेच काम पुढे न्यायला लावलं. व्हॉल्व्हला लिनक्सचा एवढा पुळका का, असं वाटेल. धंदा आहे हो! कंपनीचा मालक गेब न्यूएल हा मायक्रोसॉफ्टमध्ये १३ वर्षं काढलेला माणूस. २०१२ मध्ये विंडोज ८ आपलं स्वतःचं दुकान घेऊन येतंय म्हटल्यावर त्याने हे पीसीवाल्यांसाठी संकट आहे असं जाहीर सांगून टाकलं. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान थाटलेल्या माणसाला मालकाने शेजारीच गाळा काढल्यावर जी धास्ती वाटते, तीच ही. फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सचं स्टीम आलं. २०१५ ची स्टीम मशीन्स सपशेल आपटली. मग ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचा मसाला एकत्र करून प्रोटॉन आलं. ते स्टीमच्या आतच बसलेलं असतं. तुम्ही काही करायचं नाही. इथून पारडं फिरलं.

म्हणजे सगळं सोपं झालं? थांबा!

नोव्हेंबर २०२१ मधला किस्सा ऐका. 'लिनस टेक टिप्स' या तुफान चालणाऱ्या यूट्यूब चॅनेलचा लिनस सेबास्टियन (लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स वेगळा, बरं का!) महिनाभर लिनक्सवर राहायचं म्हणून पॉप ओएस बसवतो. सुरुवातीलाच स्टीम टाकायला जातो. दुकानातून जमत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, कमांड देतो. सिस्टिम एक लांबलचक यादी दाखवते, धोक्याचा इशारा देते आणि म्हणते, खरंच करायचं असेल तर 'यस, डू ॲज आय से!' असं टाइप कर. तो टाइप करतो. आणि सिस्टिम इमानदारीत त्याचा अख्खा डेस्कटॉप उडवून टाकते! गेम राहिला बाजूला, आयकॉन नाही, मेनू नाही, माउसला फिरायला जागा नाही.

यावर नेटवर जो राडा झाला... एक पार्टी म्हणे, 'इशारा वाचायला काय झालं होतं?' दुसरी म्हणे, 'गेम टाकताना घर पडतं का कुठे?' मी दुसऱ्या पार्टीत, आणि ठामपणे. गेम टाकायला आलेल्या माणसाला पॅकेजांच्या नावांची शेकडो शब्दांची यादी दाखवायची आणि खाली 'सही करा' म्हणायचं, याला इशारा म्हणत नाहीत. बँकेच्या लोन ॲग्रीमेंटमधली बारीक अक्षरं म्हणतात. लिनक्सवाल्यांचा एक जुना आजार आहे. सोपेपणा म्हणजे सुंदर आयकॉन असं त्यांना वाटतं. डेस्कटॉप देखणे आहेतच, केडीई १९९६ पासून सर्वसामान्य माणसासाठी म्हणून चाललंय. पण सोपेपणा म्हणजे चुकल्यावर काय होतं, ते! पॉप ओएसच्या लोकांनी या प्रकरणानंतर ही पळवाट बंद केली, हे त्यांना शोभलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात मावणाऱ्या मशीनने हाच धडा पुरता गिरवला. आत अस्सल लिनक्स, डेस्कटॉप उघडलात तर तेच केडीई. पण सिस्टिमचा गाभा 'फक्त वाचा' अवस्थेत कुलूपबंद असतो. तुम्ही चुकूनही भिंत पाडू शकत नाही. अपडेट आलं तर ते शेजारच्या दुसऱ्या कप्प्यात बसतं, बिघडलं तर जुन्यावर परत. कट्टर मंडळी कुरकुरली, की हे कसलं स्वातंत्र्य? पण गंमत अशी की कुलपाची किल्ली तुमच्याकडेच आहे. एका कमांडने ते उघडतं. मालकाने स्वतःच्या दाराला लावलेलं कुलूप आणि दुसऱ्याने बाहेरून घातलेलं कुलूप यात फरक असतो की नाही?

हा फरक आता खरा डंख मारतो तो ऑनलाइन गेम्समध्ये. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक पोरगा आहे. अंधेरीत तिघांत फ्लॅट, बाइकचा हप्ता चालू, लॅपटॉप सातव्या पिढीचा. त्याचे कॉलेजचे मित्र एक बेंगळुरूला, एक नाशकात, एक दुबईत. रोज रात्री साडेदहाला सगळे 'व्हॅलोरंट'मध्ये भेटतात. खेळतात कमी, बोलतात जास्त. बहिणीच्या लग्नाचं टेन्शन, बॉसच्या शिव्या, सगळं तिथेच. तो मला म्हणाला, 'दादा, पेंग्विन बसव, पण साडेदहाचं सुटायला नको.'

आणि इथे माझं तोंड पुन्हा मावशींसारखं झालं! 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही. कारण त्याचा व्हॅन्गार्ड नावाचा पहारेकरी. चीटिंग पकडायला तो विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो. दुभाषाने पाहुण्याला फसवता येतं, माजघरात ठाण मांडलेल्या पहारेकऱ्याला नाही. मे २०२४ मध्ये हाच पहारेकरी 'लीग ऑफ लेजंड्स'ला बसला आणि तोवर वाइनवर खेळणारे सगळे बाहेर. 'एपेक्स लेजंड्स' तर डेकवर चांगला चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. कारण दिलं की लिनक्सवर चीटिंग पकडणं अवघड जातं.

हे कारण खोटं नाही. ज्या सिस्टिममध्ये मालकाला सगळं बदलता येतं, तिथे लबाडालाही येतं. पण दुसरी बाजूही बघा. एक नेमबाजीचा गेम खेळण्यासाठी, ज्या मशीनवर माझा पॅन, बँक आणि घरचे फोटो आहेत तिच्या माजघराची किल्ली मी एका गेम कंपनीला द्यायची? तो पोरगा म्हणाला, 'देतो की! मित्र आहेत तिथे.' त्याच्या या उत्तरावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. शेवटी दोन भाग केले. मोठ्या भागात लिनक्स मिंट. तिथे काम, बँक आणि बाकीचे सगळे गेम्स. छोट्या भागात जुनं विंडोज, फक्त साडेदहासाठी. तिथे ना पासवर्ड, ना फोटो. ही काही आदर्श सोय नाही, पण नव्या ईएमआयपेक्षा बरी.

सगळेच पहारेकरी असे नसतात, हेही सांगायला हवं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोघे २०२१ पासून प्रोटॉनबरोबर चालू शकतात. मात्र हो म्हणणं गेम कंपनीच्या हातात. 'काउंटर स्ट्राइक २' आणि 'डोटा २' तर खुद्द लिनक्ससाठीच बनलेले मिळतात, दुभाषाही लागत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा चिल्लर वाटतो, पण दार बंद करणाऱ्या कंपन्या हाच आकडा बघतात.

ऑफिसचं म्हणाल तर मेल, मीटिंगा ब्राउझरमध्ये होतात. एक्सेलच्या मॅक्रोंवर पोट असेल तर मात्र विंडोज सोडू नका. मराठी टायपिंग आणि अक्षरं झकास. लोहित फॉन्ट रेड हॅटने खुले केलेत आणि त्यांच्या भाषांच्या कामात पुण्याच्या ऑफिसचा हात मोठा.

बसवण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर आपल्या पाच आवडत्या गेम्सची नावं टाका. खेळणाऱ्यांनीच दिलेले 'प्लॅटिनम', 'गोल्ड' असे शेरे तिथे असतात. मल्टिप्लेअर गेमचं नाव सगळ्यात आधी! ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल आणि व्हल्कनची नवी आवृत्ती त्याला कळत नसेल, तर मोठ्या गेम्सचा नाद सोडा. आणि लॅपटॉपला हात लावण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मिटवून उघडल्यावर जागा होतोय का, हे शनिवारी दुपारी तासाभरात कळतं. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा पुरतो.