पलंग मिटला, खोली उघडली

मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. तिथे ६ बाय ५ फुटांचा पलंग ठेवला, की जवळजवळ पाचवा हिस्सा अडलाच! तुमचेही घर लहान असेल, तर भिंतीलगत उभा मिटणारा पलंग किंवा बिजागरीवर दुमडणारे टेबल करून घ्या. दिवसा तीच जागा मुलांना अभ्यासाला मिळेल. मात्र असा पलंग पक्क्या विटांच्या भिंतीलाच बसवा, प्लायवूडच्या पार्टिशनला नव्हे. आणि घेण्यापूर्वी दुकानातच सासूबाईंना तो एकदा उघडून पाहायला सांगा. रोज त्यावर झोपणाऱ्यालाच तो झेपला नाही, तर पलंग कायम उघडाच राहील, आणि खर्च मात्र अंगावर पडेल.