भाव करावा, पण कोणाशी?



सुट्टीची तिकिटं निघाली की आपल्या आईबाबांमध्ये दरवर्षी तोच वाद सुरू होतो. इथे दुबईत वाढलेली मुलं पुण्यात, डोंबिवलीत गेली की म्हणतात, "आई, भाव करू नकोस ना, लाज वाटते." मग एक बाजू म्हणते, गरिबाशी घासाघीस कशाला? दुसरी म्हणते, बाहेरून आलोय हे कळलं की दाम दुप्पट!

मी सीए आहे, त्यामुळे मला आधी हिशोब दिसतो. भाजीवाली सकाळी रोख पैसे मोजून मेथी आणते. संध्याकाळी उरली की तिची किंमत शून्य. तीस रुपयांच्या जुडीमागे तिला सुटतात किती? तिथे पाच रुपये पाडून आपण काय कमावलं? शिवाय ती आपणहून वर दोन मिरच्या, कढीपत्ता टाकते, ती सूटच आहे.

आता इथल्या सोन्याच्या दुकानात या. सोन्याचा दर रोज जाहीर होतो, त्यात फारसं काही हलत नाही. हलते ती घडणावळ. समजा २० ग्रॅमच्या बांगड्या आहेत आणि दुकानदार ग्रॅमला ४५ दिरहम घडणावळ सांगतोय. ३० वर आणली तर ३०० दिरहम वाचले. ५ टक्के व्हॅट सोनं आणि घडणावळ मिळून लागतो, म्हणजे आणखी १५ वाचले. एकूण ३१५, म्हणजे सात हजार रुपयांच्या वर! तरी आपल्यातले कितीतरी जण तिथे एसीत बसून, चहा पिऊन, सांगितलेला आकडा मुकाट देतात. आणि मंडईत पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात.

घराच्या भाड्याचंही तेच. चार चेकऐवजी एका चेकने देतो म्हटलं तर मालक बरेचदा भाडं कमी करतो. दुबईत करारात बदल करायचा तर ९० दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे बोलायला वेळही मिळतो. पण बोलतं कोण?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भाव करणं मुलांना शिकवायलाच हवं, फक्त ते वरच्या दिशेने करायला शिकवा. ज्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त माहिती आणि जास्त नफा आहे, त्याच्याशी. भारतातल्या पाकिटावरची एमआरपीसुद्धा जास्तीत जास्त किंमत असते, त्याहून कमीत विकायला कुणाची बंदी नाही. हे मोठ्या दुकानात विचारायला मुलांना सांगा की!

आमच्या घरचे नियम साधे आहेत. आधी दोन-तीन ठिकाणी विचारायचं. घ्यायचं नसेल तर भाव पाडून मागायचा नाही, सकाळी भवानीच्या वेळी तर नाहीच. आपण सांगितलेला भाव त्याने मान्य केला की मागे फिरायचं नाही. आणि आवाज चढवायचा नाही. काउंटरवरचा माणूसही बहुधा आपल्यासारखाच घर सोडून इथे आलेला असतो.

हे सगळं दोन पैशांसाठी नाही. उद्या हीच मुलं पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात घेऊन बसतील. कंपनीने लिहिलेला आकडा म्हणजे दगडावरची रेघ असं ज्यांना वाटतं, ती गुपचूप सही करतात. विशेषतः मुली. "मागणं बरं दिसत नाही" हे आपणच त्यांच्या मनात भरवतो. पहिला पगार कमी घेतला की पुढची प्रत्येक टक्केवारीची वाढ त्या कमी आकड्यावरच लागते, हे गणित मी रोज बघते.

तेव्हा या सुट्टीत तुळशीबागेत मुलीला पुढे करा, कानातल्यांचा भाव तिला करू दे. आणि भाजीवालीने सांगितलेले पैसे तिच्याच हातून द्या. फरक तिला आपोआप कळेल.

तुमच्याकडे मुलं भाव करतात का? की तुम्हालाच हात धरून ओढून नेतात? खाली नक्की लिहा.