खाते थकण्याआधी

उधारीचे खाते एका दिवसात बुडत नाही. प्रथम हप्ता चार दिवस पुढे जातो, मग देणेकरी पेढीसमोरून जाणे टाळतो, पुढे फोन उचलणे बंद होते. जुना मुनीम ही लक्षणे खतावणी उघडण्यापूर्वीच ओळखतो. परंतु त्याच माणसाची झोप उडाली आहे, तो घरात कोणाशी बोलत नाही, ‘माझ्यावाचून कोणाचे काही अडणार नाही’ असे सहज म्हणून जातो, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. कोणत्याही राज्यातील हा सर्वांत मोठा आकडा. अशा मृत्यूनंतर कर्ज, धंद्यातील खोट किंवा परीक्षा असे एकच कारण पुढे केले जाते. तेवढेच कर्ज शेजाऱ्याच्याही डोक्यावर असते. तो तगून जातो. फरक पुष्कळदा मनाच्या दुखण्याचा आणि एकटेपणाचा असतो, आणि तेथे इतरांना काही करता येते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ते करून पाहिले गेले. कापसाच्या या मुलखात ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. मानसोपचारतज्ज्ञ गावोगावी मिळणार नाहीत हे गृहीत धरूनच त्याची आखणी झाली होती. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी बैठका घेतल्या, ताणाविषयी बोलणे सुरू केले, खचलेल्या माणसाशी संवाद साधला. ज्याला अधिक मदत हवी त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि गंभीर रुग्णाला डॉक्टरांकडे पोहोचविले. ‘वेड’ हा शब्द कोठेही आला नाही, आणि यातच निम्मे शहाणपण होते. ‘वेड’ म्हटले की घरातले दार लावून घेतात. ‘ताण’ म्हटले की चहा ठेवतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, आरंभी नैराश्यग्रस्त शंभर जणांपैकी जेमतेम चौघांनी मदत घेतली होती. अठरा महिन्यांनंतर ही संख्या सत्तावीस झाली. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर उतरले. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे या पाहणीत नव्हती, त्यामुळे सारे श्रेय कार्यक्रमाच्या खात्यावर जमा करणे घाईचे ठरेल. शिवाय शंभरातील त्र्याहत्तर जण मदतीविनाच राहिले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

बाजारपेठेत हे काम पेढीला अधिक जवळचे आहे. शेतकरी, किरकोळ दुकानदार, हमाल, दलाल यांची अडचण नातेवाइकांच्या आधी व्यापाऱ्याला कळते. वसुलीसाठी चारचौघांत उच्चारलेला एक शब्द किती खोल जातो, हेही त्याला ठाऊक असते. स्वतः व्यापाऱ्याची स्थिती तर आणखी बिकट. बाजारात पत जाईल या धास्तीने तो घरातही आकडे सांगत नाही. पत्नीला आणि मुलांना खरी परिस्थिती शेवटी कळते.

अशा माणसाला बाजूला बसवून थेट विचारावे, ‘जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने नसलेला विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उलट पुष्कळांना बोलायला वाट मिळते. उत्तर ‘होय’ असे आले तर उपदेश, पुत्रपौत्रांच्या शपथा, इतरांची उदाहरणे, सारे बाजूला ठेवावे. त्याला एकटे सोडू नये, घरच्या विश्वासू व्यक्तीला बोलवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. देण्याघेण्याची बोलणी आठ दिवस थांबली तर पेढी बुडत नाही.

पोलीस चौकशीच्या भीतीने कुटुंबे असा प्रयत्न लपवितात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. पेढीवरील दूरध्वनीशेजारी अडत्यांचे आणि वाहतूकदारांचे क्रमांक लिहिलेले असतात; त्याच कागदावर एका ओळीची जागा असतेच.