तट्टू म्हणजे पोरखेळ नव्हे

१/
मराठ्यांच्या घोडदळाचा विषय निघाला की एक टोमणा ठरलेला असतो: ‘ते कसले घोडे, तट्टे ती! त्यांवर पोरांनी बसावे.’ त्याला प्रत्युत्तर म्हणून दुसरा पक्ष प्रत्येक चित्रात मावळ्याला उंचच उंच विलायती घोड्यावर चढवतो. (मावळे मुख्यतः पायदळाचे, पण तो वाद वेगळा.) वरकरणी हे पक्ष एकमेकांचे वैरी, मात्र दोघांची समजूत एकच आहे: लहान घोड्यावर प्रौढाने बसणे हास्यास्पद आणि त्याला शिकवणे त्याहून हास्यास्पद. ही समजूत निराधार आहे.

२/
आधी माप. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा-नियमांत नालाविना १४८ सेंटीमीटरपर्यंतचा घोडा ‘पोनी’ ठरतो. भीमथडी घोडा सुमारे १३० सेंटीमीटरचा. मंगोल घोडा साधारण १२२ ते १४२. त्याच्या पाठीवरून प्रौढ माणसांनी तेराव्या शतकात हंगेरीपर्यंत धडक मारली. आणि चिलखती सरदारांचा इंग्लंड? तेथील इसवी सन ३०० ते १६५० या काळातील घोड्यांच्या हाडांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक घोडे आजच्या मोजपट्टीने पोनीच निघाले. टोमणा मारायचाच, तर तो लंडनपर्यंत पोहोचवावा लागेल.

३/
खरा प्रश्न उंचीचा नाही, वजनाचा आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावे, असा एक रूढ ठोकताळा आहे. सव्वादोनशे किलोच्या तट्टाला म्हणजे ४५ किलो. घोड्याची हाडे, पाठ, चाल आणि सराव यांप्रमाणे हा आकडा थोडा सरकतो, पण अमर्याद ताणता येत नाही. म्हणून विधान नेमके करायला हवे: कोणीही प्रौढ नव्हे, लहानखुरा, हलका प्रौढ. त्याचा पाय तट्टाच्या बरगडीवर योग्य जागी पडतो, त्याची बैठक आखूड पाठीवर मावते, मागे कमरेवर सरकत नाही. जुन्या मराठीत बाडबिछान्याविना निघालेल्या स्वाराला ‘सडा स्वार’ म्हणत. कमी ओझे हा त्या युद्धपद्धतीचा प्राण होता.

४/
आता शिकवण्याचे. घोडा ‘फेरणारा’ माणूस म्हणजे चाबुकस्वार. हा स्वतंत्र पेशा होता आणि तो पोरांचा नव्हता. ‘कावा’ हा शब्द आज डावपेचापुरता उरला असला, तरी घोड्याला वर्तुळात फिरवणे हाही त्याचा जुना अर्थ. त्या वर्तुळात घोडा तोल सावरायला, लगाम मानायला, इशाऱ्यासरशी वळायला शिकतो. त्यासाठी पक्की मांड हवी, हात हलका हवा, आणि तोच इशारा शंभर वेळा तसाच देण्याची चिकाटी हवी. नवशिक्या मुलाकडे हे नसते. मूल लगामाला लोंबकळते, घाबरते, खाली उतरते. आणि तट्टू हुशार असल्यामुळे लगेच शिकते की थांबले की सुटका होते. भाषेने मग ‘अडेलतट्टू’ ही शिवी त्या जनावराच्या माथी मारली. शिकवणाऱ्याच्या अडाणीपणासाठी मात्र शब्द घडवला नाही!

५/
ज्यांना हे पुस्तकी वाटते, त्यांनी मणिपूरकडे पाहावे. तेथील घोडा भीमथडीहूनही लहान, जेमतेम ११२ ते १३२ सेंटीमीटरचा. त्यावर बसून प्रौढ मैतेई पुरुष ‘सगोल काङजै’ खेळत आले. भरधाव धावणे, जागीच थांबणे, गिरकी घेणे, एका हातात काठी आणि लगाम दुसऱ्या हातात: हे सारे न फेरलेल्या तट्टाकडून होणे नाही. इंग्रज मळेवाले आणि अधिकारी हा खेळ तिथूनच शिकले. सिलचरचा क्लब १८५९ चा. आज जगभर पोलोचे घोडे बरेच उंच झाले, तरी त्यांना ‘पोलो पोनी’च म्हणतात. नावाने कोणाची मान खाली गेली नाही.

६/
हा वाद केवळ चित्रांचा असता तर सोडून देता आला असता. पण भीमथडी घोडा अजून जिवंत आहे. स्थलांतर करणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर तो संसार पाठीवर घेऊन चालतो. अलीकडे त्याला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली. मान्यता मिळाली, स्वार मिळाले नाहीत. तट्टू म्हटले की एकीकडे मुलांच्या फेरीचे खेळणे आणि दुसरीकडे वाट्टेल त्या वजनाच्या पर्यटकाखाली वाकलेली पाठ, एवढेच लोकांना आठवते. मधली जागा, म्हणजे हलक्या अंगाचा, घोडा फेरणे शिकलेला प्रौढ, रिकामी आहे. उंच घोड्याच्या हट्टापायी पन्नास किलोच्या आतला तरुण किंवा तरुणी तिकडे वळतच नाही, आणि भीमेकाठची शिंगरे पाठीवर ओझे घेण्यापलीकडे काही न शिकता मोठी होतात.