गाडी मध्येच मिस मारते तेव्हा

आषाढात भंडारदऱ्याला पाऊस झड लावून बसतो. अशा रात्री आजारी माणसाला शेंडीहून राजूरच्या दवाखान्यात न्यायला निघावे, आणि जुनी पेट्रोलची अँबॅसडर नेमकी वाटेत आचके देऊ लागावी! ही गाडी बनायची २०१४ साली थांबली, पण कुणाकुणाच्या दारात ती अजून आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडले की तीच गाडी गुमान चालते. मेकॅनिकपुढे तर एकही आचका नाही. मग अंदाजाने कार्ब्युरेटर खोलला जातो आणि पैसे पाण्यात.

दोष केव्हा येतो ते आधी पाहा. ओलीत येत असेल तर बहुधा करंटचा. प्लगकडे हजारो व्होल्ट जातात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढा तडा असला किंवा वायरीचे रबर चिरले असले, की ओलीतून करंट बाहेरच्या बाहेर पळतो. रात्री गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि बॅटरी मालवा. निळी ठिणगी वायरीवर नाचताना दिसली की चोर सापडला. हात मात्र लावू नका. उपरणे, पदर पंख्यापासून दूर.

इंजिन बंद करून टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. तेवढ्याने त्या रात्रीपुरती गाडी निघते. तडा असेल तर टोपी बदलाच.

तापल्यावर मिस मारून निवल्यावर सुधारत असेल, तर संशय कॉइल किंवा कंडेन्सरवर घ्या.

नवी टोपी आणायला संगमनेरला जाल तेव्हा जुनी बरोबर न्या. मॉडेलप्रमाणे ती वेगळी असते.